शंभरपैकी एकेचाळीस: परीक्षक समितीस खुलं पत्र

प्रति,
सांस्कृतिक समिती आणि यंदाचे परीक्षक,
आपलं मंडळ

सप्रेम नमस्कार.

तुमची ईमेल मिळाली. मे महिन्यातल्या ‘विविध गुणदर्शन’ स्पर्धेला परीक्षक म्हणून पुन्हा बोलावलंत, त्याबद्दल आभार. सोबत जोडलेला गुणतक्ताही उघडून पाहिला. पाच रकाने, प्रत्येकी २० गुण. सादरीकरण, वेशभूषा, आत्मविश्वास, मराठीपण आणि वेळेचं भान. तीन वर्षांपूर्वी होता तोच, वर प्रायोजकाचं चिन्ह तेवढं बदललंय.

त्याच तक्त्यावर तीन वर्षांपूर्वी मी एका माणसाला शंभरपैकी ४१ गुण दिले होते. ते कसे दिले ते आधी सांगते, मग आमंत्रणाचं उत्तर देते. पत्र समितीपुरतं न ठेवता खुलं लिहितेय, कारण १५ डॉलर भरून स्पर्धेत उतरणाऱ्यांनाही कळू दे की आपले गुण येतात कुठून.

ते काका साताऱ्याकडचे. इथे अमेरिकेत मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेले. ते आवाज काढायचे. नकला म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे पुढारी आणि नट येतात, काकांचं तसं नव्हतं. पहाटेचं गाव उभं करायचे ते. पिंगळ्याचं ओरडणं, जात्याची घरघर, मोटेचं चाक, आणि शेवटी सहाची एसटी: थंडीत न लागणारं इंजिन, ड्रायव्हरची पुटपुट, दार आपटणं, कंडक्टरची दोरी आणि टिंग टिंग. हे सगळं एका तोंडातून.

त्यांचा आयटम पहिला होता. कार्यक्रमाची वेळ चारची, पडदा वर गेला चार वीसला. प्रेक्षागृहातले दिवे अजून अर्धे चालू होते. लॉबीतून लोक बटाटेवड्याच्या प्लेटी घेऊन आत येत होते, चौथ्या रांगेतून कुणीतरी हात हलवून “इकडे इकडे, जागा धरलीय” म्हणून ओरडत होतं. काकांनी उभा माइक मागितला होता, कारण या कलेत तोंड आणि माइक यांतलं अंतर हेच वाद्य असतं. स्टँड पुढच्या ऑर्केस्ट्रासाठी लावून ठेवलाय, आता हलवता येणार नाही, असं त्यांना सांगण्यात आलं आणि कॉलरला छोटा माइक चिकटवला गेला. तो स्वेटरवर घासत राहिला. जात्याच्या घरघरीपेक्षा लोकरीची खरखर जास्त ऐकू आली. काकांनी दोनदा थांबून माइक सारखा केला, त्यात एक मिनिट जास्त गेलं. टाळ्या पडल्या, वयाला मान देऊन पडतात तशा.

मी लिहिलं: सादरीकरण ११, वेशभूषा ५ (स्वेटर आणि पायजमा), आत्मविश्वास ८, मराठीपण ९, वेळेचं भान ८. बेरीज ४१. मराठीपण ९ का? तर आयटममध्ये मराठीचा एकही शब्द नव्हता म्हणून. मोट आणि एसटी ऐकून मी हे लिहिलं! आजही तो आकडा आठवला की मला स्वतःची कीव येते.

मध्यंतरानंतर मी आतल्या जिन्याकडून जात होते. तिथे लेझीमवाली मुलं ताटकळत बसली होती आणि कंटाळून एकमेकांना ढकलत होती. काका पायरीवर बसून त्यांच्यासाठी परत सगळं करत होते. माइक नाही, दिवे नाहीत. मोटेचं चाक कुरकुरलं, मोट वर आली, पाणी थारोळ्यात कोसळलं. इथेच जन्मलेली सातेक वर्षांची एक मुलगी, जिनं मोट कधी चित्रातही पाहिली नसेल, तिनं पटकन पाय वर घेतले आणि खाली फरशीकडे बघितलं. भिजले का, म्हणून.

माझा तक्ता तोवर जमा झाला होता. तो परत मागितला, तर उत्तर मिळालं की नियम म्हणजे नियम. पहिलं बक्षीस ९२ गुणांना गेलं, चौदा जणींच्या एका नाचाला. नाच चांगलाच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आता थोडं त्या इमारतीविषयी. आपण ही स्पर्धा जिथे भरवतो ते थिएटर मुळात असल्याच आयटमांसाठी बांधलेलं आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे. मी तिथे शनिवारी स्वयंसेवक म्हणून तिकिटं तपासते, लोकांना जागा दाखवते. व्हॉडव्हिलचं थिएटर ते. क्लीव्हलंडचं पॅलेस, कीथ या बड्या थिएटरवाल्याच्या साखळीतलं, १९२२ मध्ये उघडलं, आपलं त्याचं धाकटं भावंड म्हणावं असं. व्हॉडव्हिल म्हणजे काय हे आपल्या पिढीला फार समजावून सांगायला नको. लहानपणी गावच्या गणपतीत ‘व्हरायटी एंटरटेनमेंट’ अशा फलकाखाली जे चालायचं, तेच मोठ्या भांडवलावर: एक जादूगार, एक नकलाकार, दोन गाणी, एक छोटं नाटुकलं, कसरती, आणि कुणाची तरी शिकवलेली कुत्री.

या धंद्याला बायकामुलांना घेऊन येण्याजोगं रूप द्यायला सुरुवात केली टोनी पास्टरनं, १८८१ मध्ये, न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्यावर. मग बोस्टनच्या बी. एफ. कीथनं आणि त्याच्या जोडीला आलेल्या एडवर्ड आल्बीनं त्याची साखळी केली. या साखळीतल्या थिएटरांत परीक्षण कसं व्हायचं, ते मला तुम्हाला सांगायचंय, कारण ते वाचल्यापासून मला आपला तक्ता बघवत नाही.

नव्या आठवड्याचा पहिला खेळ सोमवारी दुपारी व्हायचा. त्या खेळाला थिएटरचा मॅनेजर स्वतः प्रेक्षकांत बसायचा आणि प्रत्येक आयटमवर लिहायचा. किती मिनिटं चालला, रंगमंच किती खोल लागला, लोक कुठे हसले, कुठे गार पडले, काय कापायला हवं, पुढच्या गावानं बोलवावा की नाही. तो अहवाल मुख्य कचेरीकडे जायचा आणि तिथून इतर गावांच्या मॅनेजरांना त्याचा उपयोग व्हायचा. १९०२ पासूनच्या साधारण वीस वर्षांच्या असल्या अहवालांच्या वह्या आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवलेल्या आहेत. त्यांत शंभरपैकी गुण नाहीत. चार ओळी असतात, कधी दोनच.

आणि का असावेत गुण? एका बाजूला गाणारी बाई, दुसऱ्या बाजूला सायकलवर उलटा बसणारा माणूस, तिसरीकडे सहा कुत्री. यांची बेरीज कोणत्या रकान्यात करायची? मॅनेजरपुढचा प्रश्न व्यवहाराचा होता. हा आयटम या जागी, या लोकांपुढे चालला का? नसेल, तर दोष आयटमचा की मी त्याला दिलेल्या जागेचा? दोष जागेचा वाटला तर सोमवारी रात्रीच क्रम बदलायचा, दुसऱ्या नंबरचा माणूस सातव्यावर जायचा. शिवाय परीक्षकाला आपल्या मताबरोबर शनिवार-रविवारपर्यंत राहावं लागायचं, कारण तोच आयटम रोज त्याच्याच रंगमंचावर होणार. आपण गुण देतो, सही करतो आणि श्रीखंड-पुरीच्या रांगेत जाऊन उभे राहतो.

क्रमाचं म्हणाल तर ते एक शास्त्रच होतं, आणि मला सगळ्यात जास्त शरम वाटते ती इथे. न्यूयॉर्कचं पॅलेस थिएटर, २४ मार्च १९१३ ला उघडलेलं, हे या धंद्याचं पंढरपूर. तिथे एका खेळात साधारण नऊ आयटम असायचे. पहिला आयटम नेहमी मुका. कसरती, जनावरं, सायकली. कारण उघड आहे: लोक अजून येताहेत, खुर्च्या वाजताहेत, अशा वेळी ज्याला ऐकून घ्यावं लागतं असं काहीही ठेवायचं नाही. दुसरा आयटम बहुतेक गाणारी जोडी, आणि ती पुढच्या पडद्यापुढे. जुन्या संगीत नाटकवाल्यांना हा पडदा सांगायची गरज नाही. आपल्याकडचा रस्त्याचा पडदा तो. पडद्यापुढे दोन पात्रं विनोद करतात, मागे राजवाडा लागत असतो. इथेही तसंच. जोडी पुढे गात असताना मागे तिसऱ्या आयटमच्या नाटुकल्याचं घर उभं राहायचं.

चौथा जरा चढता. पाचव्याला काहीतरी मोठं, म्हणजे मध्यंतरात लोक त्याबद्दलच बोलत राहतील. मध्यंतरानंतरची सहावी जागा सगळ्यात अवघड, कारण बाहेर सिगारेट ओढून परतलेल्या लोकांना पुन्हा धरायचं असतं आणि पुढच्या मोठ्या आयटमच्या आधीच दमवायचंही नसतं. सातवा भरदार. आठवी जागा खेळाच्या राजाची, शेवटून दुसरी. नवव्याला पुन्हा झोके, जनावरं, डोळ्यांना दिसेल असं मोठं काहीतरी, कारण लोक कोट घालून उठायला लागलेले असतात. या शेवटच्या जागेवरचे कलाकार म्हणायचे की आम्ही लोकांच्या डोक्याच्या मागच्या केसांपुढे खेळ करतो.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्याही मॅनेजरनं आपल्या काकांना पहिल्या नंबरावर कधीच सोडलं नसतं. ज्याला शांतता लागते असा आयटम पहिला ठेवणं म्हणजे दारात उभं राहून कानात गुपित सांगणं. आणि आपला क्रम कसा ठरतो? व्हॉट्सॲपवर. ज्याचा अर्ज आधी आला तो आधी. मग ज्यांना लवकर निघायचंय ते आधी. मग लहान मुलं आधी, कारण त्यांची झोपायची वेळ होते. मग प्रायोजकांच्या घरातलं कुणी असेल तर ते मध्यंतराच्या बरोबर अलीकडे, कारण तेव्हाच भाषण आहे. (मी स्वतः एकदा माझ्या भाचीला चौथ्या नंबरावर ढकललंय. कबूल करते.) एवढा गोंधळ घालून झाला की मग तिघे परीक्षक एका गंभीर चेहऱ्याच्या टेबलामागे बसून ‘निःपक्षपाती’ गुण देतात. निम्मे गुण क्रमानंच देऊन टाकलेले असतात.

रकान्यांचं आणखी एक सांगते. विल रॉजर्स नावाचा ओक्लाहोमाचा माणूस १९०५ मध्ये न्यूयॉर्कला व्हॉडव्हिलमध्ये आला तो दोरी घेऊन. धावता घोडा आणि वरचा स्वार असे दोन्ही तो फासात पकडायचा. आयटम मुका. एकदा एका करामतीआधी ती काय आहे हे समजावून सांगायला त्यानं तोंड उघडलं, आणि त्याच्या गावाकडच्या बोलण्याला लोक हसले. त्याला ते लागलं, त्याला वाटलं आपली टर उडवली. इतरांनी समजूत घातली की अरे, हसू हीच तर कमाई आहे. पुढे दोरी हातात तशीच राहिली आणि माणूस बोलायला लागला, इतका की अख्खा देश त्याचं बोलणं ऐकायला थांबू लागला. त्या पहिल्या दिवशी आपला तक्ता घेऊन मी तिथे असते, तर आत्मविश्वास ७, सादरीकरण ९ आणि शेऱ्यात ‘बोलणं टाळावं’.

आता कुणाला वाटेल की ही बाई जुन्या दिवसांची आरती ओवाळायला निघाली आहे. तर तसंही नको. त्या मॅनेजरांच्या हातात फार सत्ता होती आणि ती त्यांनी सगळ्या माणसांनी वापरावी तशीच वापरली. कीथच्या थिएटरांत पडद्यामागे सूचना लावलेल्या असायच्या की अमुक शब्द उच्चारलात तर काम गेलं, आणि ते शब्द आज आपण नातवंडांसमोरही सहज बोलू असे मवाळ. सोमवारच्या खेळानंतर एखाद्याच्या टपालात निळं पाकीट पडायचं. आत चिठ्ठी, की ही ओळ काढा, तो हावभाव काढा. १९०६ मध्ये आल्बीनं कामं देणाऱ्या कचेऱ्या एका मुठीत आणल्या. काम मिळालं की कलाकाराच्या पगारातले पाच टक्के कापायचे, आणि संघटनेत गेलात तर काळ्या यादीत नाव. बर्ट विल्यम्स हा कृष्णवर्णीय माणूस त्या काळातल्या सगळ्यात मोठ्या विनोदी कलाकारांपैकी एक, पण रंगमंचावर त्याला स्वतःच्या काळ्या चेहऱ्यावर आणखी जाळलेल्या बुचाची काजळी फासून जावं लागायचं. हे ठरवणारेही परीक्षकच होते, फक्त त्यांच्यापुढे टेबल नव्हतं.

आणि हौशी कलाकारांच्या रात्री? न्यूयॉर्कच्या बावरी भागातल्या मायनर्स थिएटरात विंगेतून लांब दांड्याचा आकडा बाहेर यायचा आणि गाणाऱ्याला मानेला किंवा कमरेला अडकवून आत ओढून न्यायचा. लोक आयटमपेक्षा आकड्यालाच जास्त हसायचे. पुढे पुढे लोक आकडा बघायलाच तिकीट काढत असणार.

आकड्याचा विषय निघालाय म्हणून गेल्या वर्षीची एक गोष्ट काढते. निकालाच्या वेळी आपल्या एका परीक्षकांनी माइक हातात घेऊन एका स्पर्धक ताईंच्या अंगकाठीवर विनोद केला. नाव घेत नाही. सभागृह हसलं. मीही हसले, कारण सगळे हसले की तोंड आपोआप हलतं. ताई मंचावर उभ्या होत्या, हातात उत्तेजनार्थचं प्रमाणपत्र होतं, आणि त्यासुद्धा हसल्या. यंदा त्यांचा अर्ज आलेला नाही, असं तुमच्यापैकीच एकानं मला सांगितलं.

या बाबतीत आयोवाच्या चेरी भगिनींचा खटला प्रत्येक परीक्षकानं वाचावा. मॅरियन गावच्या शेतकरी घरातल्या या बहिणी, गाणी, नकला आणि उपदेश यांचा एक खेळ करायच्या. तो इतका वाईट होता म्हणतात की लोक भाजीपाला घेऊन यायचे. १८९६ मध्ये ऑस्कर हॅमरस्टाइननं त्यांना थेट न्यूयॉर्कला, त्याच्या ऑलिंपिया थिएटरात आणलं, ते वाईट म्हणूनच. पुढे आयोवातल्या एका छोट्या वर्तमानपत्राच्या संपादकानं त्यांच्या खेळावर लिहिताना त्यांची वयं काढली, हातपाय काढले, चेहरे काढले, त्यांना घोड्यांची विशेषणं लावली. दे मॉइनच्या ‘लीडर’ पत्रानं ते पुन्हा छापलं. बहिणींपैकी ॲडीनं दावा लावला. १९०१ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल वर्तमानपत्राच्या बाजूनं दिला. जो लोकांपुढे खेळ मांडतो, त्याच्या खेळावर टीका करण्याचा, अगदी खिल्ली उडवण्याचाही, लोकांना हक्क आहे. टीकेच्या स्वातंत्र्याचा हा निकाल अमेरिकेत पुढे वर्षानुवर्षं आधाराला घेतला गेला.

मला तो निकाल मान्य आहे. उद्या कुणी मला कोर्टात खेचू लागलं तर मीही त्याचाच आधार घेईन. पण न्यायालयानं त्या संपादकाला शिक्षा दिली नाही, एवढंच झालं. त्याला परीक्षक म्हणून बोलवा, असं काही सांगितलं नव्हतं. आपल्या स्पर्धेतली माणसं पोटासाठी हा खेळ करत नाहीत. दिवसभर कंपनीत, दवाखान्यात, घरात राबून रात्री तळघरात तालीम करतात, आणि वर १५ डॉलर भरतात. त्यांच्या कामावर खरं ते बोला, अगदी कडक बोला, पण त्यांच्याशी बोला. माइक कशाला?

दुसऱ्या टोकाला अपोलो थिएटर. न्यूयॉर्कच्या हार्लेममधलं. तिथे हौशी रात्र १९३४ मध्ये सुरू झाली आणि परीक्षक म्हणजे प्रेक्षकच: आवडलं तर छप्पर उडेल, नाही आवडलं तर हुर्यो. २१ नोव्हेंबर १९३४ च्या रात्री १७ वर्षांची एक मुलगी तिथे नाचायला आली. तिच्या आधी एडवर्ड्स बहिणींचा नाच झाला आणि तो बघून हिचे पाय लटपटले. यांच्यानंतर आपण काय नाचणार, म्हणून तिनं ऐनवेळी ठरवलं की गाते. गायली, आणि पहिलं बक्षीस घेऊन गेली. पुढे जॅझची थोर गायिका झाली ती, एला फिट्झजेराल्ड.

आपल्या नियमावलीतला ७ वा नियम काढून बघा: ‘अर्जात नोंदवलेला आयटम ऐनवेळी बदलता येणार नाही. बदलल्यास स्पर्धक बाद.’ मी या नियमाला मनातल्या मनात एलाचा नियम म्हणते.

मग सगळं प्रेक्षकांवर सोडावं का? वन्स मोअर हा आपला स्वतःचा, अस्सल निकाल आहे. संगीत नाटकात एकेक पद तीन-चार वेळा गायला लावणारे प्रेक्षक कुठल्या रकान्यात गुण भरत नव्हते. पण आपल्या सभागृहाची जात वेगळी आहे. इथे प्रेक्षक म्हणजे नातेवाईक. ज्याच्या घरचे तीस जण आले त्याला तीस टाळ्या जास्त. सहा महिन्यांसाठी आलेल्या काकांच्या बाजूनं मुलगी, जावई आणि एक नातू, आणि नातू गेम खेळत होता.

पुण्यात २०२२ मध्ये परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक कुणालाच दिला नाही, तेव्हा किती गदारोळ झाला आठवतं? आपल्या मंडळाच्या ग्रुपवरसुद्धा दोन दिवस त्याचीच चर्चा होती. मला स्वतःला तो निर्णय पटला होता. पण तिथे निदान सगळ्या एकांकिका होत्या, सगळी महाविद्यालयातली मुलं, सगळ्यांना वेळ सारखा. एकांकिकेला एकांकिकेशी ताडून बघता येतं. तिथेही एवढं भांडण. आपण तर मोटेच्या आवाजाची भरतनाट्यमशी बेरीज करतो आणि दशांश चिन्हापर्यंत निकाल लावतो. गेल्या वर्षी तिसरं बक्षीस ०.३ गुणांनी हुकलेली दोन घरं अजून एकमेकांच्या हळदीकुंकवाला जात नाहीत.

तेव्हा माझं उत्तर असं. हा तक्ता असेल तर मी येणार नाही. वेगळं काही करणार असाल तर जरूर येईन, आणि शुक्रवारपासून येईन. कारण काम शुक्रवारी आहे. शुक्रवारच्या रंगीत तालमीला परीक्षकांनी बसायचं, सगळे आयटम बघायचे आणि क्रम तेव्हा लावायचा. कुणाला लवकर घरी जायचंय हे त्यानंतर बघू. ध्वनी सांभाळणाऱ्या पोरांनाही तिथेच बसवा. कुणाला कुठला माइक लागतो हे त्यांनी कागदावर लिहून घ्यायचं.

शनिवारी प्रत्येक परीक्षकाकडे प्रत्येक आयटमसाठी एक कोरा कागद. त्यावर किती मिनिटं झाली ते, सभागृह कुठे धरलं गेलं आणि कुठे सुटलं ते, आणि पुढच्या वेळी काय कापावं, काय वाढवावं ते. चार ओळी पुरतात. खाली सही, म्हणजे मत कुणाचं ते कळेल आणि स्पर्धकाला फोन करून भांडता येईल. कागद पाकिटात घालून ज्याचा त्याच्या हातात. निळं पाकीट घेऊ नका तेवढं.

बक्षिसं पूर्ण बंद करा असं मी म्हटलं असतं, पण ट्रॉफ्या आधीच आल्या आहेत आणि त्यांवर साल कोरून झालंय हे मला ठाऊक आहे, कारण त्या आमच्याच गराजमध्ये आहेत. मग त्या द्या. पण पहिला-दुसरा-तिसरा न म्हणता द्या. प्रत्येक ट्रॉफीबरोबर निवेदकानं एक वाक्य वाचायचं: ती कशासाठी दिली. वाक्य सुचलं नाही तर ती ट्रॉफी त्या वर्षी द्यायची नाही, पुढच्या वर्षी साल खोडून वापरू. सातवा नियम काढून टाका. अंगकाठी, रंग, वय आणि इंग्रजी वळणाचं मराठी यांवर मंचावरून कुणी बोलणार नाही, एवढा एक नवा घाला. मराठीपणाच्या रकान्याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. मी त्यात एकदा ९ लिहून बसले आहे, मला बोलायला तोंड नाही.

‘हे सगळं करायला माणसं कुठायत’ असं तुम्ही म्हणाल. रास्त आहे. दरवर्षी तेच आठ जण खुर्च्या उचलतात, मला दिसतं. म्हणून क्रम लावायचं काम मी अंगावर घेते. थिएटरच्या पडद्यामागच्या माणसांशी माझी ओळख आहे, पुढचा पडदा पाडायला ते तयार आहेत. म्हणजे मागे ऑर्केस्ट्राची मांडामांड चालू असताना पुढे कुणीतरी गाऊ शकेल आणि दर वेळी निवेदकाला बारा मिनिटं चारोळ्या म्हणाव्या लागणार नाहीत.

आतापर्यंत आलेले अर्ज तुमच्या ईमेलमध्ये होते, ते मी वाचले. पहिल्या नंबरासाठी दोघी जिम्नॅस्ट बहिणी आहेत, बारा आणि चौदा वर्षांच्या. गाणं नाही, बोलणं नाही, नुसत्या कोलांट्या आणि हातावर उभं राहणं. लोकांना वडे खाऊ दे, जागा शोधू दे, त्या दोघींचं काही बिघडत नाही. अर्जात त्यांनी ‘शक्यतो शेवटी’ असं लिहिलंय, तर त्यांच्या आईशी मी बोलेन.

आणि सत्तावीस नंबरचा अर्ज काकांचा आहे. ते या एप्रिलमध्ये पुन्हा येताहेत. त्यांना मध्यंतराच्या आधीची जागा द्या. प्रायोजकांचं भाषण त्या जागेवरून हलवून अगदी शेवटी, लोक कोट घालत असताना. सभागृहातले दिवे पूर्ण बंद, आणि लॉबीची दारं तेवढी सात मिनिटं बंद ठेवायला मी स्वतः उभी राहते. अर्जाच्या तळाशी, ‘इतर सूचना’ या ओळीवर, त्यांनी फक्त दोन शब्द लिहिले आहेत: उभा माइक. स्टँड शुक्रवारीच आणून ठेवा.

आपली,
एक माजी परीक्षक